बारा शब्दांची अमानत

2025 च्या बकरी ईदला पुण्याहून आमचा पुतण्या आला होता. कुर्बानीचे वाटप आटोपले, पाहुणे पांगले, तेव्हा दुपारी तो आमच्या खोलीत येऊन दार ओढून बसला. खिशातून त्याने एक पाकीट काढले. पाकिटाच्या तोंडावर टेप चिकटवलेली आणि टेपवर त्याची सही. म्हणाला, "चाचा, ये आपके पास रख लो. अमानत है." आत काय आहे विचारले, तर बारा इंग्रजी शब्द, आणखी काही नाही.

पाच-सहा वर्षांपासून तो पगारातून थोडे थोडे बाजूला काढून बिटकॉइन घेत होता, हे आम्हाला त्या दुपारी कळले. किती घेतले ते त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. फ्लॅटचे कर्ज फिटून वर मुलीच्या शिक्षणापुरते उरेल, एवढेच म्हणाला. त्याचे वडील, म्हणजे आमचे थोरले भाऊ, हयात नाहीत. आई इथे खामगावात धाकट्या भावाजवळ असते. मोठी बहीण चिखलीला दिली आहे. पुण्यात तो, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. "मला काही झाले तर हे पाकीट उघडा आणि ज्याचे त्याला द्या," असे सांगून तो उठला. आम्ही निवृत्त शिक्षक. मोबाइलवर नातवंडांचे फोटो पाहण्यापलीकडे आमची धाव नाही. आमच्यावर टाकलेल्या विश्वासामागे आमची सचोटी किती आणि आमचे अज्ञान किती, हा प्रश्न आम्हाला त्याच रात्री पडला.

अमानत हा शब्द आमच्या घराला नवा नाही. खामगावची चांदी दूरवर प्रसिद्ध आहे. तिच्या शुद्धतेचे नाव सांगून इथल्या सराफांच्या पिढ्या जगल्या. पण ही चांदी घेणाऱ्या गोरगरिबांच्या घरांना तेव्हा धड कुलपे नसत. आमच्या दादीजवळ मोहल्ल्यातल्या आणि मोहल्ल्याबाहेरच्याही बायका आपले तोडे, वाळे, गोठ ठेवायला आणून देत. शेजारची एक मराठा बाई दरवर्षी पंढरीच्या वारीला निघण्यापूर्वी आपले गाठोडे दादीच्या हवाली करी. आधी सराफाच्या तराजूवर वजन होई. मग दोघींच्या सासवांसमोर फडक्याला गाठ पडे. ती बाई परत आली की तीच गाठ, तेच वजन, त्याच सासवा. दादीला अक्षर येत नव्हते, पण कोणाचे किती तोळे आपल्याकडे आहेत हे तिला तोंडपाठ असे. एकदा घरात फार अडचण होती, आजोबांनी कोणाची तरी चांदी चार दिवसांसाठी गहाण टाकू म्हटले, तेव्हा दादीने दोन दिवस चूल पेटवली नाही, असे अम्मी सांगायची.

ती गाठोडी आणि हे पाकीट यांत फरक काय? वरवर पाहता काहीच नाही. दोन्ही बंद, दोन्ही दुसऱ्याची. पण दादी गाठोडे परत करी तेव्हा तिचे हात रिकामे होत. आम्ही पाकीट उघडून ते शब्द एकदा वाचले आणि पुन्हा टेप लावून परत केले, तर आमच्याकडे काय उरेल? सगळेच. चांदी परत करता येते, वाचलेले परत करता येत नाही. कुरआनात ठेवी त्यांच्या हक्कदारांकडे पोचवण्याचा स्पष्ट हुकूम आहे. जी ठेव दिल्यानंतरही देणाऱ्याजवळच राहते तिच्याबाबतीत हा हुकूम पाळायचा कसा, हे आम्हाला कोणाला विचारावे तेही कळेना.

हे पुढे नेण्यापूर्वी या शब्दांचा प्रकार वाचकांना सांगणे भाग आहे. पुतण्याने आम्हाला दोनदा समजावले तेव्हा तो डोक्यात शिरला. 2008 मध्ये सातोशी नाकामोतो या नावाने कोणीतरी एक निबंध प्रसिद्ध केला आणि 2009 च्या जानेवारीत बिटकॉइन सुरू झाले. हा माणूस कोण ते आजवर सिद्ध झालेले नाही. हे नाणे हातात घेण्यासारखे नसते. जगभरच्या हजारो संगणकांवर एकच खातेवही उघडी असते आणि कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात किती गेले ते तीत लिहिलेले असते. खात्याला नाव नसते, नुसता आकड्या-अक्षरांचा पत्ता. तो पत्ता ज्या किल्लीने उघडतो ती इतकी लांब असते की माणसाच्या लक्षात राहणे कठीण. म्हणून 2048 शब्दांची एक यादी ठरवलेली आहे. त्यातले बारा किंवा चोवीस शब्द ठराविक क्रमाने लावले की किल्ली तयार होते. बारा शब्दांच्या किल्ल्या किती होऊ शकतात? एकावर अडतीस शून्ये मांडून जी संख्या होईल तिच्याहूनही जास्त. म्हणजे अंदाजाने कोणाला सापडायची नाही. ही यादी इंग्रजीत आहे, जपानी, कोरियन, चिनी, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन अशा भाषांतही आहे. मराठीत नाही, उर्दूतही नाही. आमच्या भाभीच्या लेकाची कमाई ज्या बारा शब्दांत आहे त्यांतला एकही तिला वाचता येणार नाही.

या खातेवहीला मालक ओळखू येत नाही. ज्याला शब्द माहीत तो तिच्या लेखी मालक. आम्ही शब्द वाचले तर तिच्यासाठी आम्ही आणि पुतण्या यांत तिळमात्र फरक नाही. चोर आणि धनी सारखेच.

आपल्याकडे मालकीची कल्पना याच्या अगदी उलट. हे शेत कोणाचे, असे विचारले तर बांधावरचे लोक सांगतात. सातबारा असतो, फेरफार असतो, पण त्याच्याही आधी गावाची जीभ असते. कुरआनातली सर्वांत लांब आयत उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. तो लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, अशी तिची शिकवण आहे. एवढ्या मोठ्या ग्रंथात सर्वांत जास्त शब्द हिशेबाच्या चिठ्ठीला मिळावेत याचे आम्हाला लहानपणी नवल वाटे. आता वाटत नाही. मालमत्ता म्हणजे वस्तू कमी आणि दुसऱ्यांची कबुली जास्त. ही कबुलीच नको, मधला साक्षीदारच नको, अशी नाकामोतोची मांडणी.

या मांडणीला आम्ही हसणार नाही. ज्यांना एकेका दाखल्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, ज्यांची घरे दंगलीत कागदांसकट जळाली, त्यांना 'कोणाच्या कबुलीची गरज नाही' हे वाक्य किती गोड लागत असेल ते आम्हाला कळते. पुतण्यानेही एक सुनावले. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री आठ वाजता पाचशे-हजारांच्या नोटा बंद झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा आमच्या घरात तांदळाच्या डब्यातून, कुराणशरीफच्या जुजदानातून आणि एका फाटक्या उशीतून मिळून एकोणीस हजार निघाले होते. बायकांनी वर्षानुवर्षे वाचवलेले, कोणालाही न सांगितलेले. त्या दिवशी सांगावे लागले. आमच्या पत्नीचा त्या वेळचा चेहरा पुतण्याच्या लक्षात होता. "हे कोणी रात्री आठ वाजता येऊन रद्द करू शकत नाही, चाचा," तो म्हणाला. रद्द नसेल करता येत, पण 2022 पासून सरकार त्यावरच्या नफ्याला तीस टक्के कर लावते. तो हा कर भरतो, हे त्याने आवर्जून सांगितले. अशी नाणी शरियतला मान्य आहेत की नाहीत यावर आलिमांत एकमत नाही. 2018 च्या सुरुवातीला इजिप्तच्या मुफ्तींनी ती हराम ठरवली, 2021 मध्ये इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने चलन म्हणून ती वापरायला मनाई केली, तर इतर काहींनी ती मालमत्ता धरून तिच्यावर जकात सांगितली. साडेबावन्न तोळे चांदीच्या निसाबवर ज्यांची जकातीची गणिते झाली त्या आम्हा खामगावकरांना हे सगळे जरा अवघडच आहे. तो वाद जाणत्यांनी करावा. आमच्या कपाटात पाकीट होते आणि आमची अडचण त्याची होती.

ज्याला माहीत तो मालक, हे नुसते तत्त्वज्ञान नाही. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत हजारो लोक फसले आणि तिचा प्रवर्तक अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी 2018 मध्ये पकडले. तपासात ही नाणी हाताळायची कशी हे पोलिसांना ठाऊक नसल्याने दोन तज्ज्ञ मदतीला घेतले गेले. 2022 च्या मार्चमध्ये पुणे पोलिसांनी त्या तज्ज्ञांनाच अटक केली. तपासासाठी हाती आलेल्या वॉलेटांतली काही नाणी त्यांनी स्वतःकडे वळवल्याचा आरोप होता. त्याच वर्षी जानेवारीत भारद्वाज वारला होता. मग सर्वोच्च न्यायालयाला त्याच्या भावाला सांगावे लागले, की वॉलेटचे नाव आणि पासवर्ड तपास यंत्रणेला दे. देशातले सर्वांत मोठे न्यायालय जमिनीवर जप्ती आणू शकते, बँकेचे खाते गोठवू शकते, पण शब्द मात्र त्याला मागून घ्यावे लागतात.

मरणारा शब्द सांगून गेलाच नाही तर? आमच्या वऱ्हाडात गुप्तधनाच्या गोष्टी घरोघरी आहेत. कोणी तरी हंडा पुरतो, सांगायच्या आधी मरतो, त्यावर नाग बसतो, मग पायाळू माणसाला काजळ लावून तो दिसतो म्हणे. या वेडापायी किती भोळे लुबाडले गेले. पण हंडा निदान जमिनीत असतो. नांगराच्या फाळाला लागतो, पाया खोदताना निघतो आणि 1878 च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावा लागतो. बारा शब्द न सांगता गेलेल्याचे धन सगळ्या जगाला उघड्या वहीत दिसत राहते आणि कोणालाच मिळत नाही. नागाची गरज उरली नाही. कॅनडातल्या एका क्रिप्टो बाजाराचा तरुण मालक, जेराल्ड कॉटन, 2018 च्या डिसेंबरात भारतात फिरायला आला आणि जयपूरच्या रुग्णालयात वारला. किल्ल्या त्याच्या एकट्याजवळ होत्या, असे सांगण्यात आले. हजारो ग्राहक रडत बसले. पुढे 2020 मध्ये तिथल्या नियामकाने चौकशी करून सांगितले, की बहुतेक पैसा त्याने आधीच उडवला होता. म्हणजे गुप्ततेच्या आड अफरातफरही झाकली गेली होती. रिकाम्या तिजोरीची किल्ली हरवली म्हणून लोक हळहळत होते.

आम्ही पुतण्याला म्हटले, हे सगळे भारतातल्या एखाद्या नोंदणीकृत बाजारातच राहू दे, म्हणजे मागे कागद तरी राहील. त्याने वझीरएक्सचे उदाहरण दिले. जुलै 2024 मध्ये तिथून सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकून पडले. त्यावर उत्तर आमच्याजवळ नव्हते. पुढे ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच प्रकरणातल्या एका ग्राहक बाईंच्या अर्जावर मद्रास उच्च न्यायालयाने म्हटले, की क्रिप्टो ही मालमत्ता आहे आणि ती दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून धारण करता येते. ही बातमी वाचून आम्हाला दादी आठवली. न्यायालयाच्या इंग्रजी निकालात तिचाच शब्द होता. फक्त गाठ आणि तराजू नव्हता.

आता त्या वाक्याकडे येतो ज्याने आमची झोप उडवली: "ज्याचे त्याला द्या." कोणाचे कोणाला? शरियतप्रमाणे आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत असेल तर ती फार तर एक तृतीयांशापर्यंत, आणि उरलेले वारसांचे. पुतण्याच्या पश्चात बायकोला आठवा हिस्सा, एकुलत्या मुलीला निम्मे, आईला सहावा. चोवीस हिस्से केले तर बायकोचे तीन, मुलीचे बारा, आईचे चार, आणि उरलेले पाच भावाबहिणीत दोनास एक या प्रमाणात. मिरासचा हा हिशेब इतका बारीक, की मदरशातल्या पोरांना तो पाठ करता करता घाम फुटतो. पण हे चोवीस हिस्से ज्या किल्लीने उघडायचे ती एकसंध. माहितीचा आठवा हिस्सा नसतो. बायकोला शब्द सांगितले तर सासूचे चार हिस्से तिच्या मर्जीवर. भावाला सांगितले तर त्या पोरीचे बारा हिस्से त्याच्या मर्जीवर. आणि आम्हाला सांगितले तर सगळे आमच्या मर्जीवर.

नॉमिनी नेमला की झाले, असे आपल्यातले पुष्कळ लोक समजतात. तसे नाही. कालनिर्णयकार जयंतराव साळगावकर यांच्या वारसांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा स्पष्ट केले, की शेअरचा नॉमिनी आपोआप मालक होत नाही, वारसाचा हक्क वेगळा राहतो. पण तिथे नॉमिनीला बाजूला सारायला कंपनीचे दप्तर असते, कोर्ट असते. आमच्या पाकिटाला दप्तर नव्हते.

पुतण्याला आम्ही फोनवर हे सगळे सांगितले आणि विचारले, बहिणीला हे ठाऊक आहे का? तो म्हणाला, "आपा को क्या समझता उसमें?" आणि पुढे, "तिने तसेही अब्बांच्या घरातला हिस्सा सोडलाच आहे की."

आम्ही फोन ठेवला. त्याला रागे भरायला तोंड नव्हते. मेहकर तालुक्यात आमची वडिलोपार्जित सव्वासहा एकर जमीन आहे. वडील गेल्यावर 1996 साली आमच्या एकुलत्या बहिणीकडून आम्हा दोघा भावांनी हक्कसोडपत्र करून घेतले. निबंधकाच्या कचेरीत ती बुरखा सावरत आली, दाखवले तिथे सही केली, बाहेर येऊन आमच्या मुलांना बिस्किटे दिली. तिला आम्ही एक चांगली साडी घेतली आणि दरवर्षी तुरीची डाळ पाठवत आलो. तिने खुशीने सोडले, असे आम्ही आजवर सांगत आलो. तिला कोणी विचारले नव्हते. सोडले नसते तर माहेर सुटले असते, हे तिलाही ठाऊक होते आणि आम्हालाही. आमच्या मोहल्ल्यात शरियतवर तासन्‌तास बोलणारी कितीतरी माणसे आहेत. तलाठ्याच्या दारात मात्र त्यांतल्या बहुतेकांना ती आठवत नाही. आम्हालाही आठवली नव्हती.

तरीही एक फरक आहे आणि तो आम्हाला टोचत राहिला. आमच्या बहिणीचा हक्क हिरावण्यासाठी आम्हाला तिच्या सहीची गरज पडली. तिला कचेरीत बोलवावे लागले, तिचे नाव कागदावर आधी आले म्हणून ते कमी करता आले. आज एकोणतीस वर्षांनंतरही तो कागद आम्हाला दोषी ठरवायला शिल्लक आहे. बारा शब्दांच्या धनात बहिणीला फसवायला तिची सहीसुद्धा लागत नाही. ते होते हेच तिला कळणार नाही. तिजोरी जितकी मजबूत तितकी ती घरातल्या दुबळ्यांविरुद्धही मजबूत, असे आमचे मत झाले.

दिवाळीच्या सुट्टीत पुतण्या आला तेव्हा आम्ही पाकीट त्याच्या पुढे ठेवले. टेप आणि सही जशीच्या तशी होती. आम्ही म्हटले, ही अमानत आम्हाला पेलणार नाही. आणि आम्ही ते उघडले नाही हे तू कशावरून मानतोस? तो हसला. म्हणाला, चाचा, काहीही काय. आम्ही म्हटले, हसू नकोस. पाकीट उन्हात धरले तरी आतले दिसत असेल. आता हे शब्द बदल, आमच्यावर विश्वास असला तरी बदल.

त्या रात्री बरीच बोलाबोली झाली. त्यानेच सांगितले, की तीन किल्ल्या करून त्यांतल्या कोणत्याही दोन लागल्याशिवाय पैसा हलणार नाही, अशीही सोय असते. वझीरएक्सच्या तिजोरीलाही अनेक सह्या लागत होत्या आणि तरी ती फुटली, हेही त्यानेच सांगितले, त्यामुळे हा काही रामबाण नव्हे. पण आम्हाला ती कल्पना आवडली ती दुसऱ्याच कारणाने. कोणा एकाला गुपचूप काही करता येत नाही. एक किल्ली त्याची, एक बायकोची, तिसरी कोणाची यावर तो अडला. धाकट्या भावाचे नाव घेतले. भाभी दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "बडी को दे." धाकटा तिथेच बसला होता, तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी चिखलीहून बहिणीला बोलावले. मिरासचे चोवीस हिस्से आम्ही वहीच्या कागदावर मराठीत लिहिले, खाली त्याची सही आणि आम्हा दोघांच्या साक्षी. कागदावर किल्ल्या कोणाकडे आहेत ते लिहिले, शब्द लिहिले नाहीत. आपाने आपले शब्द स्वतःच्या अक्षरात उतरवले. एकेक अक्षर विचारून, स्पेलिंग तपासून, तिला दीड तास लागला. मध्येच तिने विचारले, "हे हरवले तर?" पुतण्याने समजावले, एक हरवली तरी उरलेल्या दोन चालतात, पण लगेच सांगायचे. तिने कागद घडी करून पर्समध्ये न ठेवता कुठे ठेवला ते आम्ही पाहिले नाही, मुद्दामच खिडकीकडे तोंड करून बसलो.

पुण्याला गेल्यावर त्याने सगळी नाणी नव्या ठिकाणी हलवली आणि तसा फोन केला. जुने पाकीट आता कोरे कागदच आहे, फाडून टाका म्हणाला. क्षणभर आम्हाला वाईट वाटले, की याने खरेच बदलले. मग आम्ही पाकीट उघडले. बारा शब्द होते, साधे, शाळेतल्या पोरांना येणारे.

ते चुलीत टाकून आम्ही लोखंडी पेटी काढली आणि 1996 चा कागद बाहेर घेतला. बहिणीची सही तळाशी आहे, थोडी तिरकी. मेहकरच्या एका वकिलांना विचारले, तर ते म्हणाले, आता भावांनी स्वखुशीने बहिणीला बक्षीसपत्र करून द्यायचे म्हटले तर करता येईल, पण थोरल्या भावाच्या वाट्यासाठी त्याच्या मुलांच्या सह्या लागतील. पुतण्याला आम्ही अजून विचारलेले नाही. आमच्या स्वतःच्या मुलांनाही नाही.